प्रथिन संश्लेषण म्हणजेच पेशीत प्रोटीन कसं बनतं

डीएनएमधल्या माहितीवरून पेशी प्रोटीन तयार करते त्या प्रक्रियेला प्रथिन संश्लेषण म्हणतात. आपण डाळ, अंडी खातो त्यातलं प्रोटीन जसंच्या तसं अंगाला लागत नाही, पचनात त्याची सुटी अमिनो ॲसिड होतात आणि मग पेशी तिला हवं ते प्रोटीन नव्याने ओवते, फुलं तीच पण हार वेगळा.

रक्तातलं हिमोग्लोबिन घ्या. त्यातली बीटा ग्लोबिन ही साखळी १४६ अमिनो ॲसिडची, आणि तिचं जनुक ११व्या गुणसूत्रावर. डीएनए केंद्रक सोडून जात नाही, म्हणून त्या जनुकाची आरएनए कॉपी निघते, मधले बिनकामाचे २ तुकडे कापून टाकले जातात आणि उरलेली कॉपी, म्हणजे एमआरएनए, बाहेर रायबोसोमकडे, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन जोडणाऱ्या यंत्राकडे येते.

खरी गंमत इथे आहे. आरएनएची लिपी ए, यू, जी, सी या ४ अक्षरांची. रायबोसोम एका वेळी ३ अक्षरं वाचतो, या त्रिकुटाला कोडॉन म्हणतात. एयूजी दिसलं की सुरुवात, मग प्रत्येक कोडॉनला जुळणारा टीआरएनए (अमिनो ॲसिड वाहून आणणारा छोटा आरएनए) आपापलं अमिनो ॲसिड घेऊन येतो, ते साखळीला जोडलं जातं, आणि स्टॉप कोडॉन आला की साखळी सुटते. एकूण कोडॉन ६४, त्यातले ३ स्टॉपचे, बाकी ६१ मध्ये २० अमिनो ॲसिड, म्हणजे बहुतेकांना एकापेक्षा जास्त कोडॉन मिळतात.

ही लिपी उलगडायला सुरुवात १९६१ला झाली. निरेनबर्ग आणि मथाई या शास्त्रज्ञांनी नुसत्या यू अक्षराचा आरएनए वापरला तर फक्त फिनाइलअॅलनिनची साखळी बनली! पुढे हरगोविंद खुराना यांनी ठरावीक क्रमाचे आरएनए बनवून बाकीचे कोडॉन लावायला मोठी मदत केली, त्यांना १९६८चं नोबेल निरेनबर्ग आणि हॉली यांच्यासोबत मिळालं. रायबोसोमची रचना शोधल्याबद्दल २००९ला वेंकटरामन रामकृष्णन यांनाही मिळालं, तेही तिघांत वाटून.

एका अक्षराची किंमत काय ते विदर्भात किंवा नंदुरबारकडे वेगळं सांगावं लागत नाही. तिकडे बराच आढळणारा रक्ताचा आनुवंशिक आजार म्हणजे सिकलसेल, त्यात बीटा ग्लोबिनच्या जनुकात जीएजीचं जीटीजी झालेलं असतं (डीएनएत यूच्या जागी टी असतं), बस इतकंच. रायबोसोम समोर आलंय ते इमानाने वाचतो आणि ६व्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसवतो, मग ऑक्सिजन कमी झाला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि असह्य दुखतं. यावर देतात ते हायड्रॉक्सियुरिया हे औषध जनुक दुरुस्त करत नाही, ते गर्भात असताना चालू असलेलं आणि जन्मानंतर जवळजवळ बंद पडलेलं गॅमा ग्लोबिनचं (बीटाच्या जागी चालणाऱ्या साखळीचं) जनुक परत थोडं वाचायला लावतं.