पाकिटातले जिवाणू

केनियात बी-बियाण्यांच्या दुकानात ‘बायोफिक्स’ नावाचं छोटं पाकीट मिळतं. आतल्या भुकटीत रायझोबियम नावाचे जिवंत जिवाणू असतात. सोयाबीन किंवा राजम्याच्या बियाण्याला ते चोळायचे आणि लगेच पेरणी करायची. सोयाबीनला जिवाणू संवर्धक लावणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. पण हे पाकीट तयार होण्यामागे नैरोबी विद्यापीठातलं बरंच काम आहे. त्यातलं एक प्रमुख नाव मृदाशास्त्रज्ञ प्रा. नॅन्सी करंजा यांचं.

रायझोबियम मुळांत शिरतात, तिथे गाठी होतात. पीक त्यांना साखर पुरवतं आणि ते हवेतला नायट्रोजन अमोनियात बदलून पिकाला देतात. गाठ कापल्यावर आतून गुलाबी दिसली, तर काम चालू आहे असं समजायचं. मात्र कुठल्याही द्विदल पिकाला कुठलाही जिवाणू चालत नाही. सोयाबीन आशियातून आफ्रिकेत आलं, पण त्याच्या जोडीचा जिवाणू तिथल्या बऱ्याच जमिनींत नव्हताच. राजम्याची अडचण उलटी: जमिनीत आधीपासून असलेले, पण कमी कामाचे जिवाणू नव्याने सोडलेल्यांना गाठीत शिरूच देत नाहीत.

म्हणून जिवाणूचा चांगला वाण निवडणं हे अर्धंच काम. माझ्या मते खरी कसोटी पुढे आहे: तो वाण शेतापर्यंत जिवंत पोहोचवणं. उन्हात ठेवलेल्या पाकिटातले जिवाणू मरतात, आणि ते मेलेत हे शेतकऱ्याला कळतं ते गाठी धरल्या नाहीत तेव्हा. त्यांना तग धरता यावा म्हणून नैरोबीत माध्यम निवडलं ते साखर कारखान्यातल्या प्रेसमडचं, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळाचं. आपल्याकडे कारखान्याबाहेर ज्याचे ढीग लागतात, तेच. भुकटी बियाण्याला चिकटावी म्हणून आपण गुळाचं पाणी वापरतो, तिथे बाभळीच्या जातीचा डिंक चालतो. २००८ मध्ये एका खासगी कंपनीने विद्यापीठाकडून परवाना घेऊन हे पाकीट बाजारात आणलं.

युरिया परवडत नाही अशा छोट्या शेतकऱ्याला याचा उपयोग उघड आहे. तरी पाकीट म्हणजे सगळं खत नव्हे. नायट्रोजन बांधायला प्रचंड ऊर्जा लागते आणि त्या कामाला स्फुरद (फॉस्फरस) हवंच. पश्चिम केनियातल्या आम्लधर्मी लाल जमिनी तर स्फुरद धरून ठेवतात, सोडत नाहीत. तिथे जिवाणूंसोबत थोडं स्फुरदयुक्त खत आणि गरजेप्रमाणे चुना दिला, तरच गाठी नीट भरतात.