शेपटीवरच्या नंबराचा नाद

कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ सालचा, छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतला. दुसरं महायुद्ध पेटलं तेही त्याच वर्षी. कॅमेऱ्याचं वेड कोल्हापूरला त्याच्याही आधीपासून आहे, बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथेच घडवला. त्यामुळे युद्धकाळातल्या विमानांचे फोटो जमवणारे या गावात भेटले तर नवल नाही. पंचाईत एवढीच की विमानं पाहायला दिल्लीतलं पालमचं हवाई दलाचं संग्रहालय गाठावं लागतं. म्हणून इथला छंद निम्मा देवाणघेवाणीवर चालतो.

ही देवाणघेवाण जुनी आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेतले हौशी लोक विमानांच्या निगेटिव्ह टपालाने एकमेकांना पाठवत. पुढे कोडॅक्रोम या रंगीत फिल्मच्या स्लाइड आल्या. स्लाइडची नक्कल मूळ चित्रापेक्षा फिकी पडते, म्हणून पट्टीचा माणूस एकाच विमानाच्या चार-पाच मूळ स्लाइड काढायचा: एक स्वतःला, बाकीच्या अदलाबदलीला. संकेत ठरलेले. ऊन पाठीशी, विमान नाकापासून शेपटीपर्यंत पूर्ण चौकटीत आणि नंबर स्पष्ट. ढगांची शोभा नंतर!

आपल्याकडे १९३७ च्या विमान नियमांतल्या तेराव्या नियमाने विमानतळावरच्या फोटोग्राफीवर बंधनं घातली. जुनी चित्रं दुर्मीळ असण्याचं ते एक कारण.

लिबरेटर बॉम्बरची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. उसनवारीच्या करारावर आलेली ही अमेरिकी विमानं युद्ध संपल्यावर कानपूरला मुद्दाम मोडतोड करून टाकून दिली होती. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यांतली सुमारे ४० जागेवरच उडण्याजोगी केली, बंगळूरला नेऊन नीट दुरुस्त केली आणि हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. आज लंडनमधलं हेंडन, कॅनडातलं ओटावा, अमेरिकेतलं टूसॉन इथल्या संग्रहालयांत जे लिबरेटर दिसतात ते आपल्याकडूनच गेलेले. हेंडनच्या विमानाचा ब्रिटिश नंबर केएन ७५१, आपल्याकडचा एचई ८०७. जुन्या फोटोतल्या शेपटीवरून अशी ओळख पटते, तेव्हा या छंदाला निव्वळ हौस म्हणवत नाही.

उडणारं जुनं विमान टिपणं हे आणखी वेगळं काम. जेटच्या सवयीने शटर एक हजारांश सेकंदावर ठेवलं की इंजिनाचा फिरता पंखा (प्रोपेलर) गोठतो आणि विमान दोरीला टांगल्यासारखं दिसतं. एकशे पंचविसांशच्या आसपास पंख्याचं वर्तुळ उमटतं, पण हात स्थिर हवा.

हवाई दलाच्या ताफ्यात २०१८ साली आलेल्या डकोटाच्या बाबतीत नंबरही पुरत नाही. त्याच्यावर व्हीपी ९०५ लिहिलंय. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैनिक घेऊन उतरलेल्या डकोटाचा तो नंबर, तिच्या स्मरणार्थ दिलेला. हे विमान वेगळंच, आधी ब्रिटनमध्ये जी-एएमएसव्ही या नोंदणीने उडणारं. त्याचा फोटो पुढे पाठवताना खाली दोन्ही नंबर लिहावेत.