कुबरनेटीस: फीचर कुठवर आलं याची नोंद

कुबरनेटीस म्हणजे कंटेनर (प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या गोष्टींची बंद पेटी) अनेक संगणकांवर चालवणारी प्रणाली. तिची १.० आवृत्ती जुलै २०१५मध्ये आली. वर्षभरातच कामाचा पसारा इतका वाढला की कोणतं फीचर कुठवर आलंय हे एका माणसाला सांगता येईना. म्हणून २०१६मध्ये गिटहबवर ‘फीचर्स’ ही वेगळी रिपॉझिटरी (फाइली आणि चर्चा ठेवायची जागा) निघाली. एका फीचरला एक इश्यू (चर्चेची क्रमांकित नोंद) आणि प्रत्येक रिलीझला एक सामायिक स्प्रेडशीट, अशी रीत होती. शीट भरायची तर रिलीझ टीमला एकेका इश्यूवर जाऊन ‘हे या खेपेला येतंय का?’ असं विचारत बसावं लागे. शिवाय फीचर नेमकं काय करणार, याचा आराखडा भलत्याच ठिकाणी पडलेला असे.

त्यावर उपाय म्हणून २०१७पासून केईपी, म्हणजे ‘कुबरनेटीस एन्हान्समेंट प्रपोजल’ (सुधारणेचा लेखी प्रस्ताव), आलं. पायथॉन आणि रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषांमधल्या अनुक्रमे पेप आणि आरएफसी या प्रस्तावांवरून ही कल्पना घेतलेली आहे. २०१८मध्ये रिपॉझिटरीचं नावही ‘एन्हान्समेंट्स’ झालं. प्रत्येक केईपीच्या फोल्डरमध्ये दोन फाइली असतात: आराखड्याची रीडमी आणि ‘केईपी डॉट यॅमल’ (ठरावीक रकान्यांची माहिती-फाइल). माग ठेवायला कामाची ती दुसरी. तिच्यात स्थिती, सध्याचा टप्पा, आणि अल्फा (प्राथमिक), बीटा (चाचणीतला), स्टेबल (पक्का) हे टप्पे कोणत्या आवृत्तीत येणार ते लिहिलेलं असतं. नेहमीची चूक इथेच होते: रीडमी मर्ज होते (मुख्य प्रतीत मिळवली जाते), पण यॅमलमध्ये मागच्याच रिलीझचा आकडा राहतो किंवा स्थिती ‘इम्प्लिमेंटेबल’ (कामाला मंजूर) केलेली नसते. एन्हान्समेंट्स फ्रीझपर्यंत (रिलीझमध्ये काय येणार ते गोठवायच्या मुदतीपर्यंत) हे दुरुस्त झालं नाही, तर फीचर त्या रिलीझमधून बाहेर. परत आत यायचं तर रीतसर अपवाद मागावा लागतो.

खरी अडचण मात्र मध्येच अडकलेल्या फीचरांची होती. इन्ग्रेस (बाहेरची वेब-वाहतूक आतल्या सेवांकडे वळवणारं फीचर) २०१५मध्ये बीटा झालं आणि स्टेबल व्हायला ऑगस्ट २०२०, म्हणजे १.१९ उजाडलं. बीटा आपोआप चालू असे, लोक ते बिनदिक्कत प्रॉडक्शनमध्ये (प्रत्यक्ष कामात) वापरत. मग स्टेबल करायची घाई कुणाला? म्हणून १.२०पासून बीटा एपीआयला (फीचर वापरायच्या इंटरफेसला) नऊ महिन्यांची मुदत घातली: त्या अवधीत स्टेबल करा, नाहीतर नवी बीटा आवृत्ती आणून जुनी मोडीत काढायला लागा. २०२२च्या १.२४पासून तर नवे बीटा एपीआय मुळात बंदच ठेवले जातात. आमच्या मते सगळ्यात परिणामकारक नियम हाच.

दरम्यान २०२१च्या १.२१पासून प्रॉडक्शन रेडिनेस परीक्षण सक्तीचं झालं. फीचर बंद कसं करायचं, मागे घेतलं तर आधीच साठवलेल्या डेटाचं काय होतं, बिघाड कोणत्या मेट्रिकवरून कळतो, हे केईपीतच लिहावं लागतं. बंद करायची कळ म्हणजे फीचर गेट. अल्फाला ते बंद असतं.

केईपी ७५३, म्हणजे साइडकार कंटेनर (मुख्य कंटेनरच्या सोबतीला चालणारा), यात हे सगळं दिसतं. जॉबचा (एकदा चालून संपणाऱ्या कामाचा) मुख्य कंटेनर संपला तरी लॉग पाठवणारा सोबती चालूच राही आणि जॉब कधी पूर्ण होत नसे. २०१९मध्ये इश्यू उघडला. १.१८साठी ठरलेलं काम वेळेत बसलं नाही आणि पुढे मूळ आराखडाच बाजूला ठेवला गेला. नव्या आराखड्यात इनिट कंटेनरलाच (मुख्य कंटेनरच्या आधी चालणाऱ्याला) ‘रीस्टार्ट पॉलिसी: ऑलवेज’ (संपला की पुन्हा सुरू) लावायची मुभा दिली. १.२८ला अल्फा, १.२९ला बीटा, आणि एप्रिल २०२५च्या १.३३ला स्टेबल. इश्यूचा क्रमांक शेवटपर्यंत तोच, ७५३.