कार्बन डायऑक्साइड पकडणारी पावडर आपल्या दमट हवेत टिकेल का?

नॅनोटेक्नॉलॉजीने कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली गाडणार, अशी बातमी वाचली की वाटतं कुठलीतरी बारीक पावडर गॅसला धरून पाताळात जाऊन बसते. तसं नाहीये. कामं दोन आहेत, एक धुरातून किंवा हवेतून गॅस वेगळा काढायचा आणि दुसरं तो खाली खडकात नेऊन ठेवायचा, आणि नॅनोचा खरा जोर पहिल्या कामात आहे. दुसरं काम खडकाचं.

वेगळं काढणंच मुळात कटकटीचं. कोळशाच्या वीज केंद्राच्या धुरात हा गॅस 12 ते 15 टक्के असतो, साध्या हवेत तर दहा लाख रेणूंमागे जेमतेम सव्वाचारशे. जुनी पद्धत म्हणजे धूर अमाईन नावाच्या रसायनाच्या पाण्यातून सोडायचा, ते गॅस घट्ट धरतं, मग सगळं साधारण 120 अंशांपर्यंत तापवून गॅस परत सोडवायचा. चालतं मस्त, पण एवढं पाणी तापवायचं म्हणजे केंद्राने बनवलेल्या ऊर्जेतला मोठा वाटा तिथेच जातो.

इथे येतात एमओएफ, म्हणजे मेटल ऑरगॅनिक फ्रेमवर्क. धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेली जाळी, तिची भोकं नॅनोमीटरच्या आसपासची, आणि एक ग्रॅम पावडरीच्या आत हजारो चौरस मीटर पृष्ठभाग! याच कामासाठी 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना मिळालं. बऱ्याच एमओएफमध्ये गॅस भिंतींना नुसता हलका चिकटतो, त्यामुळे सोडवायला उष्णताही कमी लागते.

पण पाण्याची वाफ आली की गडबड. पाण्याचा रेणू भिंतीला जास्त जोरात चिकटतो आणि जागा बळकावतो, काही एमओएफ तर ओलाव्याने चक्क मोडतात. कॅनडात कॅल्गरीला जॉर्ज शिमिझूंच्या टीमने जस्त वापरून कॅल्फ-20 बनवलं, त्याचं कौतुक हेच की साधारण 40 टक्के आर्द्रतेपर्यंत ते पाण्याआधी कार्बन डायऑक्साइडला जागा देतं. 40 टक्के! आमच्याकडे पणजीत जुलैमध्ये दोरीवरचे कपडे वाळत नाहीत हो. कारखान्याच्या धुरातलं पाणी आधी काढता येतं, पण त्याचा खर्च वेगळा, आणि थेट हवेतून पकडायचं असेल तर अख्खी पावसाळी हवा कोण वाळवत बसणार.

म्हणून मला याघींच्याच लॅबमधलं 2024 चं सीओएफ-999 जास्त इंटरेस्टिंग वाटतं. सीओएफ म्हणजे तशीच जाळी, पण यात धातू नाही, नुसते सेंद्रिय रेणू, भोकांत अमाईन बसवलेलं, आणि 50 टक्के आर्द्रतेत ते कोरड्या हवेच्या जवळपास दुप्पट गॅस घेतं. साधारण 60 अंशांना सोडूनही देतं. 200 ग्रॅम पावडर वर्षाला 20 किलो गॅस पकडेल असा त्यांचा हिशोब आहे. भारी वाटतं ना, पण एक लिटर पेट्रोल जाळलं की 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे 20 किलो म्हणजे पावणेनऊ लिटर, रेंटच्या स्कूटरच्या दोन टाक्यासुद्धा नाहीत. पावडर टनांनी लागणार, आणि स्वस्तात.

आता खाली ठेवायचं. साधारण 800 मीटरच्या खाली दाब आणि तापमानामुळे गॅस द्रवासारखा दाट होतो, कमी जागेत मावतो. नॉर्वेच्या स्लाइपनर या समुद्रातल्या गॅस क्षेत्रात 1996 पासून समुद्राखालच्या वाळूखडकात तो सोडत आलेत, बरीच वर्षं तर वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास, वर शेलचं, म्हणजे चिखलापासून झालेल्या घट्ट खडकाचं झाकण आहे म्हणून तो तिथे राहतो. खाऱ्या पाण्यात सिलिकाचे नॅनोकण मिसळून गॅसचा फेस टिकवायचा, तो वर पळू नये, असे प्रयोगही होतात, पण बरंचसं अजून लॅबमध्येच.

आइसलँडची पद्धत मला जास्त पटते. तिथे कार्बफिक्स नावाच्या प्रकल्पाचे लोक गॅस पाण्यात विरघळवून, म्हणजे सरळ सोडावॉटर करून, बसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हाच्या काळ्या खडकात सोडतात. खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह त्याच्याशी मिळून कार्बोनेटचा दगड बनतो आणि 2016 मध्ये आलेल्या निकालात 95 टक्क्यांहून जास्त गॅस दोन वर्षांच्या आत दगड झाला होता. पाणी मात्र एका टन गॅसला 25 टनांच्या आसपास.

बसाल्ट म्हटलं की दख्खन आलंच, पण गोव्यात त्याची फक्त ईशान्येकडे, सत्तरीच्या वरच्या अंगाला, छोटीशी कड येते. बाकी खाली जुने शिस्ट आणि ग्रॅनाइट, वर सड्यांवरचा जांभा. चिऱ्याच्या भोकांत गॅस ठेवू म्हणाल तर तो लगेच वर येईल. जाड बसाल्ट घाट चढल्यावर. कोयनेला तर सव्वा किलोमीटरच्या आसपास जाड आहे, पण तिथेच 1967 ला 6.3 चा भूकंप झाला आणि धरणातल्या पाण्याशी त्याचा संबंध जोडला जातो. अशा भागात दाबाने काही खाली सोडायचं तर नुसती बसाल्टची जाडी मोजून जागा ठरवता येणार नाही, आधी भेगा आणि त्यांतला दाब बघावा लागेल.