ओबामांनी परदेशी जहाजं खरंच परत पाठवली का?

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या समुद्रात तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या मंचावर स्फोट झाला, ११ कामगार गेले आणि फुटलेल्या विहिरीतून समुद्रात तेल पसरू लागलं. तेव्हापासून एक गोष्ट सांगितली जाते: ओबामांनी १९२० चा जोन्स कायदा शिथिल केला नाही, म्हणून परदेशी मदत नाकारली गेली.

हे खरं नाही. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात होणारी मालवाहतूक अमेरिकी जहाजांनीच करावी, असं तो कायदा सांगतो. फुटलेली विहीर किनाऱ्यापासून साठेक किलोमीटर आत समुद्रात होती, तिथे तेल गोळा करायला त्याची आडकाठी नव्हती. जूनच्या मध्यापर्यंत परदेशी झेंड्याची जहाजं कामाला लागलीही होती. नेदरलँड्सहून तवंग ओढणारे लांबलचक बाहू आणून ते अमेरिकी जहाजांच्या दोन्ही कुशींना बसवले. २०११ मध्ये राष्ट्रीय चौकशी आयोगानेही या कायद्यामुळे मदत अडल्याचा आरोप मान्य केला नाही.

सरकार निर्दोष होतं असं मात्र मी म्हणणार नाही. डच मदतीचा देकार पहिल्याच काही दिवसांत आला होता आणि होकार द्यायला कित्येक आठवडे गेले. किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा राग रास्तच होता. पण त्या दिरंगाईचं खापर या कायद्यावर फोडलं, की खरा प्रश्न बाजूला पडतो: एवढ्या खोल पाण्यातली विहीर बंद कशी करायची, याची तयारी ना विहिरीची मालक असलेल्या बीपी कंपनीकडे होती ना सरकारकडे. तेल थांबायला १५ जुलै उजाडला.