माशी ओली झाल्यावर कशी दिसते?

पिवळ्याधमक रेशमाचं अंग असलेली, मासे धरायची नकली माशी मी पहिल्यांदा गळावर बांधली, तेव्हा टेबलावरच्या दिव्याखाली ती भलतीच देखणी दिसत होती. कौतुकाने तिला ग्लासभर पाण्यात सोडली आणि दोन-तीन सेकंदांत तो पिवळा रंग विझला. उरला एक मळकट, शेवाळी तपकिरी रंग, आणि त्यातून गळाची काळी दांडी आरपार दिसायला लागली. माशी नेमकी कुठे शिंकली हे कळायला मला थोडी भौतिकी वाचावी लागली.

गळाच्या दांडीवर दोरा, पिसं, लव, लोकर बांधून कीटकाची नक्कल करायची आणि तिच्यावर मासा धरायचा, याला फ्लाय फिशिंग म्हणतात. त्या नकलेला ‘फ्लाय’ म्हणण्याऐवजी मी सरळ माशीच म्हणतो. ‘माशाला’ आणि ‘माशीला’ यांत नाहीतरी एका वेलांटीचंच अंतर आहे. ही युक्ती जुनी आहे. इसवी सन 200च्या आसपास एलियन या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय, की मॅसेडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळतात, तिच्यावर कोंबड्याची दोन पिसं लावतात आणि नदीतले ठिपकेदार मासे धरतात. तेव्हा अंग लोकरीचं होतं. आज दुकानात अंगासाठी शेकडो पाकिटं मिळतात आणि बहुतेक जण ती रंग बघून उचलतात. मीही तेच केलं होतं.

रेशमाचा कोरडा रंग आपल्याला दिसतो तो तंतूंच्या मधे हवा असते म्हणून. प्रकाश हवेतून तंतूत शिरताना वळतो, विखुरतो आणि उजळ होऊन परत येतो. हवेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो त्याचं माप, 1; रेशमाचा साधारण 1.55. भिजल्यावर हवेची जागा 1.33 अपवर्तनांकाचं पाणी घेतं. फरक कमी झाला की विखुरणंही कमी होतं, प्रकाश आत घुसतो आणि थेट खालच्या पोलादाला जाऊन भिडतो. ओला सदरा गडद दिसतो आणि अंगाला चिकटून आतलं सगळं दाखवतो, तोच हा प्रकार.

जे. डब्ल्यू. डन नावाच्या ब्रिटिश विमान-अभियंत्याने यावर 1924 साली एक तोड मांडली. त्याने गळाची दांडी आधी पांढरी रंगवली, वर कृत्रिम रेशीम गुंडाळलं आणि ते तेलात भिजवलं. अंग पारदर्शक होणारच असेल तर होऊ दे, पण त्याच्याखाली काळोख नको, पांढरं असू दे, असा त्याचा हिशोब. पाठीमागून ऊन आल्यावर खरी मेफ्लाय (नदीकाठचा एक नाजूक कीटक) जशी आतून उजळते तशी ही माशी उजळायची. दांडी रंगवत बसणं कंटाळवाणं आहे, पण रेशमाखाली पांढऱ्या दोऱ्याचा एक थर द्यायला काहीच लागत नाही. माझी पिवळी माशी त्यानेच सुधारली.

आता तरंगण्याची गोष्ट. पाण्यावर बसणाऱ्या ‘ड्राय फ्लाय’साठी पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या धाग्याचं अंग वापरा, ते पाण्यापेक्षा हलकं असतं, असा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला बरोबर आहे, कारण चूक. 0.4 मिलिमीटर जाडीची दोन सेंटिमीटर पोलादी तार, म्हणजे मधल्या आकाराचा गळ, साधारण 20 मिलिग्रॅमचा भरतो. पॉलिप्रॉपिलीनची घनता पाण्याच्या 0.9 पट धरली, तर त्याचा 10 मिलिग्रॅमचा पुंजका वर उचलतो जेमतेम एक मिलिग्रॅम. एवढ्याने गळ तरंगायचा नाही. खरा भार पेलतो तो पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभागाची ताणलेल्या पडद्यासारखी ओढ. पाण्यावर आडव्या पडलेल्या, न भिजणाऱ्या एक सेंटिमीटर लांबीच्या बारीक तंतूला पाण्याचा पृष्ठभाग दोन्ही बाजूंनी मिळून जास्तीत जास्त दीडशे मिलिग्रॅमपर्यंत आधार देऊ शकतो. प्रत्यक्षात आधार त्याहून कमीच मिळतो, पण 20 मिलिग्रॅमच्या गळाला तो पुरून उरतो. अट एकच, तंतूने पाणी प्यायचं नाही. पॉलिप्रॉपिलीन जवळजवळ पीतच नाही, म्हणून ते कामाचं. बीव्हर आणि मस्करॅट या पाण्यात राहणाऱ्या प्राण्यांची आतली दाट, मऊ लव याच गुणासाठी आधीपासून वापरली जायची. 1922 साली मिशिगनमध्ये लेन हॅलडेने बांधलेली ‘अ‍ॅडम्स’ ही माशी राखाडी लवेच्या अंगाची आहे आणि आजही जगभर तिच्यावर मासे लागतात. कापसाचा दोरा मात्र अशा जागी नको, तो पाणी ओढून घेतो. बंद पेशींच्या, म्हणजे आत हवेचे बंदिस्त बुडबुडे असलेल्या, फोमचं गणित निराळं. त्याची घनता पाण्याच्या दशांश धरली तर 10 मिलिग्रॅम फोम 90 मिलिग्रॅम उचलतो. तिथे पृष्ठताणाची मनधरणी करावी लागत नाही, पण अंग लठ्ठ होतं. टोळ, भुंगे यांना ते शोभतं. नाजूक मेफ्लायला नाही.

बुडवायच्या माशीसाठी हेच सगळं उलट वाचायचं. तिथे केसाळपणा आड येतो, कारण प्रत्येक केस पाण्याला अडतो आणि लवेत अडकलेली हवा माशीला वर धरते. स्पेनमधल्या ‘पेर्दिगोन’ माश्यांना म्हणून लव नसतेच. नुसता दोरा, त्यावर वार्निश किंवा रेझिनचा गुळगुळीत थर आणि डोक्याशी टंगस्टनचा मणी. टंगस्टनची घनता 19.3, शिशाची 11.3. शिसं तसंही मागे पडत चाललंय. शिशाची वजनं गिळून हंस मरायला लागले, तेव्हा इंग्लंडमध्ये 1987 साली गळाच्या बहुतेक लहान शिसवजनांवर बंदी आली. फ्रँक सॉयर या नदीरक्षकाने तर त्याच्या ‘फेझंट टेल निंफ’ या बुडणाऱ्या माशीत दोराच वापरला नाही. तांब्याच्या बारीक तारेनेच फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाचे तंतू बांधले. तारच दोरा, तारच वजन, आणि मधूनमधून डोकावणारी लालसर चकाकीही तिचीच. काटकसर म्हणावी तर अशी.

पण हवा नेहमी शत्रू नसते. पाण्यातून वर येणाऱ्या कॅडिस कीटकाच्या कोषाभोवती वायूचे बुडबुडे चमकतात. गॅरी लाफोंटेन या अमेरिकन माणसाने पाणबुड्याचा पोशाख चढवून नदीत उतरून हे पाहिलं आणि गालिच्यासाठी बनवलेला अँट्रॉन हा तीन-कोनी छेदाचा धागा माशीला लावला. त्या धाग्याला बुडबुडे चिकटून राहतात. हातात कोरडा घेतला तर तो अगदीच प्लास्टिकी, स्वस्त वाटतो. ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ म्हणून कीटकाची तंतोतंत प्रत काढणाऱ्याने त्याला हातही लावला नसता. सशाच्या कानाची राठ लव हेच काम थोड्या कमी झळाळीने करते.

लव गुंडाळण्याच्या कृतीला डबिंग म्हणतात. दोऱ्याला मेण लावायचं, चिमटीत लव घ्यायची आणि अंगठा-तर्जनीने एकाच दिशेने पीळ द्यायचा. पुढेमागे चोळलं की दिलेला पीळ उलगडतो. लव किती? दोऱ्याचा रंग धुक्यातून दिसावा इतकी. नवशिका हमखास चौपट घेतो, आणि मग मेफ्लायच्या जागी ओलं मांजर तयार होतं. वरून बारीक तारेचे वेढे उलट दिशेने दिले की कीटकाच्या पोटाची वलयं दिसतात आणि ट्राउट माशाच्या दातांनी अंग उसवत नाही. मोरपिसाच्या तंतूंना तर हे वेढे हवेतच, कारण ते फार ठिसूळ असतात. त्यांची हिरवी झळाळी मात्र ओली झाल्यावरही टिकते. तो रंग मेलॅनिन या रंगद्रव्याच्या सूक्ष्म कांड्यांच्या मांडणीतून येतो आणि ती मांडणी केराटिनच्या, म्हणजे नखांच्याच द्रव्याच्या, आवरणाखाली बंदिस्त असते.

लोकरीचे किस्से तर न संपणारे. इंग्लंडमधल्या डेव्हनच्या आर. एस. ऑस्टिनने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका माशीसाठी मेंढ्याच्या अंडकोशावरची तेलकट लोकर वापरली आणि ती कृती अनेक वर्षं गुपित राहिली, ज्याचं कारण मी वाचकांवर सोडतो. पण सगळ्यात गाजली ती चॅडविक 477. ही रफूची साधी, करडी, किंचित गुलाबी झाक असलेली लोकर. सॉयर ती तांब्याच्या तारेवर गुंडाळून ‘किलर बग’ बांधायचा. तिचं उत्पादन बंद पडलं आणि लोक जुन्या शिवणपेट्या धुंडाळायला लागले. पर्यायी लोकरी पुष्कळ आल्या. कोरड्या नमुन्याशेजारी ठेवल्या की त्यातल्या कित्येक हुबेहूब वाटतात. पण सॉयरच्या लोकरीचा तो मांसल गुलाबी रंग दिसायचा भिजल्यावर, खालच्या तांब्यासकट. म्हणून मी नवी लोकर आणली की वीतभर तुकडा तारेवर गुंडाळतो, ग्लासात बुडवतो आणि ग्लास खिडकीत ठेवतो.