सामाजिक शास्त्रं एका छताखाली: थोडी पार्श्वभूमी

सामाजिक शास्त्रांनी मिळून रिसर्च करावा हे आता जो तो म्हणतो, पण ही कल्पना शंभर वर्षं जुनी आहे आणि तिचा बराचसा इतिहास अमेरिकेतल्या दोन-तीन मोठ्या युनिव्हर्सिट्यांमध्ये घडलाय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे डिपार्टमेंट वेगळी व्हायला लागली, शिकागोत समाजशास्त्राचं डिपार्टमेंट 1892 सालीच निघालं, मग हळूहळू प्रत्येकाची जर्नल्स वेगळी, परिषदा वेगळ्या, आणि शेजारच्या विषयात काय चाललंय ते कळेना.

शिकागोचेच राज्यशास्त्रज्ञ चार्ल्स मेरियम यांना हे खटकत होतं. 1923 मध्ये त्यांच्या पुढाकाराने सोशल सायन्स रिसर्च कौन्सिल (वेगवेगळ्या सामाजिक शास्त्रांना एकत्र आणणारी संस्था) उभी राहिली आणि पैसा आला तो रॉकफेलर घराण्याच्या एका निधीतून, ज्याचा कारभार तेव्हा बियर्डस्ली रमल नावाचा तरुण मानसशास्त्रज्ञ बघत होता. 1929 ला शिकागोत अशा एकत्र रिसर्चसाठी स्वतंत्र इमारतच बांधली.

हार्वर्डने तर 1946 मध्ये थेट विलीनीकरण केलं! समाजशास्त्र, सोशल सायकॉलॉजी, क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सांस्कृतिक मानववंशशास्त्र मिळून सोशल रिलेशन्स हे एकच डिपार्टमेंट, प्रमुख समाजशास्त्रज्ञ टॅल्कॉट पार्सन्स. माणसं एकसे एक होती, पण सगळ्यांना धरून ठेवेल अशी एक थिअरी काही जमली नाही, आणि नेमणुका-प्रमोशन शेवटी आपापल्या विषयातल्या नावावरच होतात ना, त्यामुळे ओढ मूळ विषयाकडेच राहिली. 1972 पर्यंत ते डिपार्टमेंट मोडलं.

मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते मिशिगन युनिव्हर्सिटीचं काम. 1946 लाच मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट आणि त्यांचे सहकारी सरकारी कृषी खात्यातलं सर्व्हेचं काम सोडून तिथे आले. युनिव्हर्सिटीने जागा दिली पण पगाराची हमी नाही, सर्व्हेची कामं मिळवा आणि त्यातून स्वतःचा खर्च भागवा असा मामला. 1948 ला मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांचं ग्रुप डायनॅमिक्सचं (म्हणजे गटात माणसं कशी वागतात याच्या अभ्यासाचं) सेंटर एमआयटीतून इकडे आलं (लेविन आदल्याच वर्षी वारले होते) आणि 1949 पासून दोन्ही मिळून इन्स्टिट्यूट फॉर सोशल रिसर्च. इथे कुणी कुणाला आपला विषय सोडायला लावला नाही, सॅम्पल कसं काढायचं, प्रश्न कसा विचारायचा, मुलाखती घेणाऱ्यांना तयार कसं करायचं हे सगळ्यांचं सामाईक होतं आणि तेवढ्यावर एकत्र काम झालं.

पुढे 1962 मध्ये राज्यशास्त्रज्ञ वॉरन मिलर यांनी इथूनच युनिव्हर्सिट्यांचा सामाईक डेटा संग्रह सुरू केला, म्हणजे ज्यांना स्वतः सर्व्हे परवडत नाही त्यांनाही आकडे हाताशी मिळायला लागले, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. आणि 1968 मध्ये सुमारे 5,000 कुटुंबांच्या उत्पन्नाचा अभ्यास सुरू झाला, तो मुळात गरिबीविरोधी योजनांचा परिणाम बघायला, पण मुलं वेगळी राहायला लागली की त्यांचीही घरं त्यात धरत गेले, त्यामुळे आता तोच डेटा अर्थतज्ज्ञ वापरतात, समाजशास्त्रज्ञ वापरतात आणि आरोग्यावर काम करणारेही वापरतात.